बिनमिठाची सोलं

"मूठ वळा," डॉक्टर म्हणाल्या.

मी वळली. म्हणजे मला वाटलं वळली. डॉक्टरांनी पाहिलं, तर बोटं आणि तळवा यांच्यामध्ये एक लिंबू आरामात राहिलं असतं.

"अजून घट्ट."

"ही घट्टच आहे."

डॉक्टर निगवेकर तेव्हा नव्या होत्या. कोल्हापूरकडच्या. आमच्या गावच्या दवाखान्यात येऊन त्यांना चार महिने झाले होते आणि वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. त्यांनी रक्तदाब बघायच्या यंत्राची पट्टी गुंडाळून तिची सुरळी केली, तिच्यात थोडी हवा भरली, पारा वीसवर आणला आणि ती सुरळी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, असेल नसेल ती ताकद लावून दाबा. मी दातओठ खाऊन दाबली. पारा चोपन्नपर्यंत गेला आणि तिथेच बसला.

"किती पाहिजे?" मी विचारलं.

"तुमच्या वयाच्या बाईचा दोनशेच्या आसपास जातो, शालनताई."

मी अडतीस वर्षांची होते. सकाळी उठले की तास-दीड तास बोटं लाकडासारखी असायची. भाकरी थापताना जीव जायचा, वेणी नवरा घालायचा. वामनला ती वाकडीच जमायची, पण बिचारा घालायचा. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की हा सुजेचा संधिवात आहे. शरीराची राखणदारी करणारी जी शक्ती असते ती गैरसमजाने आपल्याच सांध्यांवर उठते, म्हणून ही सूज. एकदा आली की कायमची वस्तीला राहते. पण तिला दाबून ठेवता येतं.

त्यांनी गोळी लिहून दिली. आठवड्यातून एकदाच घ्यायची, सोमवारी. मग म्हणाल्या, "काही विचारायचंय?"

"मी परत फुगडी घालीन का?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बहुतेक बायका स्वयंपाकाचं विचारत असाव्यात.

आता फुगडी म्हणजे काय ते मी सांगायला नको, पण आमच्या गावची फुगडी म्हणजे काय ते सांगायला हवं. गौरीच्या सणाला दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली की सगळ्या वाड्यांतल्या बायका देवळात जमतात. सगळ्या जोड्या एकदम उभ्या राहतात आणि फिरायला लागतात. जी दमली, जिला घेरी आली, ती जोडी बाहेर. शेवटी जी जोडी उभी राहील तिने गौर ओहोळावर न्यायची. सोन्याचा हार दिला तरी आमच्याकडची बाई या मानाशी त्याची अदलाबदल करणार नाही. अकरा वर्षं हा मान माझ्याकडे आणि अनशी राऊळकडे होता. अनशी म्हणजे माझी शेजारीण. तिच्या आणि माझ्या अंगणांत एक बांध आणि बांधावर एक रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं झाड, एवढंच अंतर.

बाराव्या वर्षी, ऐन रंगात, माझा हात सुटला. अनशी जाऊन खांबावर आपटली. डाव्या हाताचं हाड मोडलं.

त्याच आठवड्यात त्या रातांब्याच्या झाडावरून आमच्या दोन घरांत जोरदार वाजलं होतं. झाड कोणाचं, फळ कोणी काढायचं, वामन काय बोलला, तिचा नवरा काय बोलला. त्यामुळे अख्ख्या गावाने एकच अर्थ काढला की शालनने मुद्दाम सोडलं. अनशीनेही तोच काढला. त्याला तीन वर्षं झाली होती. ती माझ्याशी बोलत नव्हती, मी तिच्याशी नाही. रातांबे पिकून बांधावर सडा पडायचा आणि दोन्ही घरचं कोणी वाकून एक उचलायचं नाही.

हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. फुगडीचं तेवढं विचारलं.

"घालाल की नाही ते मी आज सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "गोळी सोडायची नाही. बोटांचे व्यायाम करायचे. आणि जेवणात काय काय असतं तुमच्या?"

मी सांगितलं. भात, मासे, कुळीथ, सोलकढी.

सोलकढी म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. म्हणाल्या, कोकमाच्या सालीत जो लाल रंग असतो, जी द्रव्यं असतात, ती सुजेविरुद्ध काम करतात का यावर अभ्यास चाललेत. "औषध म्हणून नाही हं. औषधाच्या जोडीला. तुमच्याकडे इतकं पिकतं, तर रोज घ्या थोडं."

मला तर अगदी स्वर्ग दोन बोटं उरला. कोकणात जन्मलेल्या बाईला कोकम घे म्हणून सांगणं म्हणजे माशाला पाण्यात जा म्हणून सांगणं. घरी आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या रसाच्या चार बाटल्या भरलेल्या होत्या. मी सकाळी एक पेला, दुपारी एक, संध्याकाळी एक असा सपाटा लावला. थोडं घ्या म्हणाल्या होत्या, पण थोड्याने बरं वाटतं तर जास्तीने लवकर वाटेल, असा माझा हिशेब. वामन म्हणाला, "गो, जरा दमान." मी म्हटलं, तुम्ही वेणी नीट घाला, बाकी मी बघते.

महिन्याने दवाखान्यात गेले ती पाय ओढत. घोटे सुजून टम्म झाले होते, चपलेच्या अंगठ्यात पाय जात नव्हता. डॉक्टरांनी या खेपेला पट्टी दंडाला बांधली आणि पारा बघून त्यांचं तोंड उतरलं. रक्तदाब चांगलाच चढला होता.

"काय खाताय तुम्ही? लोणचं? पापड?"

"छे हो. तुम्ही सांगितलं तेच. तीन पेले आगळाचं पाणी."

"आगळात काय घालता?"

"काय घालायचं? रातांब्याचा रस आणि मीठ."

"किती मीठ?"

मी ओंजळ करून दाखवली. मग ती ओंजळ चार वेळा दाखवली, कारण बरणी मोठी असते.

डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या. "शालनताई, माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "मी आमच्याकडे बाटलीतलं सरबत प्यालेय फक्त. मला वाटलं कोकम म्हणजे फळ."

"फळच आहे. पण मिठाशिवाय ते टिकणार कसं? सोलं करतानाही साली मिठाच्या रसातच बुडवून वाळवतात."

"मग बिनमिठाचं कोणी करतच नाही?"

करायची की. गावात एकच बाई करायची. तिच्या सासूला मूत्रपिंडाचा आजार होता, मीठ वर्ज्य होतं, आणि म्हातारीला आंबट आमटीशिवाय घास उतरत नव्हता. म्हणून सासू जाईपर्यंत दर वर्षी ती सून एक डबा वेगळा वाळवायची. ती सून म्हणजे अनशी राऊळ.

"करतात एक जण," मी म्हटलं. "पण त्यांचं-आमचं बोलणं नाही."

"मग बोला," डॉक्टर म्हणाल्या. एवढी साधी गोष्ट असल्यासारखं म्हणाल्या. कोल्हापूरकडे भांडणं बहुतेक लवकर मिटत असावीत.

एप्रिल असाच गेला. आगळ बंद केलं, मीठ तोडलं, दाब उतरला, घोटे उतरले. सोमवारची गोळी चालू होती. बोटं थोडी मोकळी झाली होती, पारा ऐंशीला टेकत होता. पण ऐंशीच्या मुठीने फुगडी होत नाही. मे महिना लागला आणि अनशीच्या अंगणात रातांब्यांच्या टोपल्या उतरलेल्या मला माझ्या पडवीतून दिसायला लागल्या. तीन दिवस मी नुसती बघत बसले. चौथ्या दिवशी सकाळी बांध ओलांडला.

ती विळीवर बसून रातांबे फोडत होती. कोपरापर्यंत लाल. मला बघून तिचा हात थांबला नाही.

"माका बिनमिठाची सोलां व्हयी," मी म्हटलं. तीन वर्षांनी पहिलं वाक्य, आणि तेही मागणं.

"कोणाक?"

"माका."

तिने आणखी दोन फोडले. मग म्हणाली, "सासू गेली, तेवापासून मी ती करूक नाय. बिनमिठाचो रस दुसऱ्या दिसा आंबता. रोज ताजे फोडूचे लागतत, रोज ताज्या रसात बुडवूची लागतत, आठ दिस. एकटीचा काम नाय ता."

"मी येतंय."

"ये मगे. फोडूक बस." तिने दुसरी विळी माझ्याकडे सरकवली.

मी बसले. रातांबा हातात घेतला, पात्यावर टेकवला आणि दाबला. फळ सटकून अंगणात गेलं. दुसरा घेतला, तोही गेला. तिसरा कसाबसा अर्धा चिरला आणि माझ्या बोटातून अशी कळ गेली की फळ आणि मी दोघंही तिथेच थांबलो. डोळ्यांत पाणी आलं ते मला लपवता आलं नाही. दोन्ही हात लाल झालेले, पुसणार कशाने?

अनशी विळीवरून उठली. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझा हात धरून तिने उलटसुलट करून पाहिला. बोटांचे पेर सुजलेले, मनगट जाड.

"केवापासून?"

"तीन वर्सां झाली."

"तीन?"

"त्या गौरीच्या आधीपासून. सकाळची बोटां वळत नाय होती. माका वाटला, होईत बरा. फुगडीत... माका कळलाच नाय, अनशी. बोटां आपसूक उघडली."

उठून ती विहिरीवर गेली, हात धुतले, परत आली, आणि मग जे तिने तोंड सोडलं ते मी जन्मात विसरणार नाही.

"तीन वर्सां मी रात-दिस विचार केलंय, शालनान माका कित्या टाकला? एका झाडासाठी? माझो हात मोडलो तेचा माका कायव वाटूक नाय. तू टाकलंस तेचा वाटला. आणि तू बोललंस नाय. सगळो गाव तुका नाय नाय ता बोलत होतो, तरी तू गप. कित्या?"

"लाज वाटली," मी म्हटलं. "भांडकुदळ म्हणले तर म्हणले. पण पस्तिशीत हात गेले म्हणून कोणी कीव केलेली माका नको होती."

हे मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं, वामनलासुद्धा नाही. त्यालाही मी खुशाल वाटू दिलं होतं की मी रागाने सोडलं.

"येडी आसस तू," अनशी म्हणाली. "निव्वळ येडी." मग तिने विळी माझ्यापुढून उचलली. "फोडूचं नाय तू. मी फोडतंय. तू बिया काढ आणि साली रसात बुडव. थंडगार रस असता, बोटांका बरा वाटात."

त्या दिवसापासून रोज सकाळी मी तिच्या अंगणात. बिया काढायच्या, गर पिळायचा, साली त्या ताज्या रसात बुडवायच्या, पसरायच्या, दुपारी उलटायच्या. मीठ नाही म्हणून मुंग्या दुप्पट. एका दिवसाचं ऊन कमी पडलं तर बुरशी, म्हणून सारखं आभाळाकडे बघायचं. बोलणं मात्र तीन वर्षांचं साठलेलं, ते उन्हापेक्षा जोरात. कोणाची सून कशी, कोणाचं लग्न मोडलं, वामन वेणी कशी घालतो. माझी वेणी बघून ती पोट धरून हसायची आणि मग स्वतः सोडून परत घालायची.

पाचव्या दिवशी तिच्या टोपल्या रिकाम्या झाल्या. आणखी तीन दिवसांचा रस पाहिजे होता. आम्ही दोघींनी एकदमच बांधाकडे पाहिलं. झाड नुसतं लालभडक होतं.

"कोणाचा गो ता झाड?" अनशीने विचारलं.

"तुझा."

"नाय, तुझा. तुझो घोव तसाच म्हणा होतो."

"तो काय वाट्टेल ता म्हणता. चल."

ती आकडी घेऊन फांद्या हलवत होती आणि मी पदर पसरून खाली. दोन्ही घरचे पुरुष आपापल्या पडवीत उभे राहून बघत होते. कोणाची एक शब्द बोलायची हिंमत झाली नाही.

आठव्या दिवशी सोलं वाळली. काळी, चिवट, आणि जिभेवर ठेवली तर कानशिलं आंबतील अशी. अनशीने डब्यात भरून दिली. चार सोलं रात्री पाण्यात भिजत घालायची, सकाळी कुस्करून जिरं घालून प्यायची, ना मीठ ना साखर. डॉक्टरांनी एक घोट चाखून बघितला आणि त्यांचा एक डोळा आपोआप मिटला.

"सोमवारची गोळी?" त्यांनी विचारलं.

"चुकवत नाही."

"चुकवू नका. हे सगळं तिच्या जोडीला."

जूनमध्ये पारा शंभरावर गेला. जुलैत एकशे तीस. मी विचारलं, "हे गोळीने की सोलांनी?"

"खरं सांगू? वेगळं काढून मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "मीठ कमी झालं, व्यायाम चाललाय, गोळी चाललीय, सोलं चाललीत. शिवाय रोज कोणाच्या तरी अंगणात जाऊन हसताय, असं ऐकलं. त्याचंही मोजमाप माझ्याकडे नाही."

मी आपली सोय पाहिली. डॉक्टरांपाशी गोळीचं नाव घ्यायचे आणि अनशीपाशी सोलांचं. दोघी खूश.

गौरीच्या चार दिवस आधी पारा एकशे अठ्ठावन्न झाला. दोनशे नव्हे. मी अनशीला आकडा सांगितला. पुढचं विचारायचं माझ्या जिवावर आलं होतं. हात तिचा मोडला होता. ती तीन वर्षांत कोणाबरोबरही फुगडीला उभी राहिली नव्हती.

"हात परत सुटलो तर?" मी म्हटलं.

अनशी तांदूळ निवडत होती. "मी एकदा पडलंय," ती म्हणाली. "पडल्यावर काय होता ता माका म्हायत आसा. हाड जुळता. तुका उभ्या रवाचा आसा काय ता बोल."

"आसा."

"मगे झाला."

गौरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी देऊळ भरलं. चौदा जोड्या होत्या. आम्ही दोघी पदर खोचून मध्ये आलो तशी बायकांची कुजबुज एकदम थांबली. कोणीतरी मागून म्हणालं, "परत?" अनशीने तिकडे नुसतं पाहिलं. तेवढं पुरलं. डॉक्टर दाराशी, चपला हातात धरून उभ्या होत्या.

हातांची कात्री झाली. तिची बोटं माझ्या मनगटाकडे वळली. ती माझं मनगट धरायला बघत होती, म्हणजे माझी पकड सुटली तरी तिची राहील. मी हात मागे ओढला आणि तिचे पंजे माझ्या पंजांत घेतले, पूर्वी घ्यायचे तसे. ती माझ्याकडे बघत राहिली. मग मागे रेलली.

फिरायला लागलो. पहिल्या काही फेऱ्या मी फक्त बोटांकडे लक्ष ठेवून होते. मग देऊळ फिरायला लागलं, खांब फिरायला लागले, गाणं कानात भरलं, आणि बोटांचं विसरायला झालं. चौदाच्या नऊ झाल्या. नऊच्या चार. मग आम्ही आणि वरच्या वाडीच्या दोघी, नंदा आणि पुष्पा, वीस-बावीसच्या, वाऱ्यासारख्या फिरणाऱ्या. अनशी ओरडली, "जोरान, शालन." आणि तेवढ्यात उजव्या हातात ती ओळखीची कळ आली.

तीच. तीन वर्षांपूर्वीची. करंगळी सैल झाली, मग तिच्या शेजारचं बोट. अनशीलाही कळलं, कारण तिचे डोळे मोठे झाले. पण तिने वेग कमी केला नाही, पाय रोवले नाहीत. तशीच मागे रेललेली राहिली, सगळं वजन माझ्या हातांवर टाकून. तिच्यामागे तोच खांब येत होता, जात होता.

मी मूठ वळली.

कशी वळली ते मला आजही सांगता येणार नाही. पेरापेरातून आग निघाली, पण बोटं मिटली, घट्ट मिटली, मध्ये लिंबू काय, मोहरीसुद्धा राहिली नसती. आणि आम्ही फिरत राहिलो. कुठेतरी पुष्पाचा पाय अडकला, नंदा हसत खाली बसली, बायका आरडाओरडा करायला लागल्या. आम्हाला कळलंच नाही. आम्ही एकट्याच फिरत होतो.

थांबलो तेव्हा देऊळ अजून फिरतच होतं. अनशीच्या कपाळाचं कुंकू घामाने नाकापर्यंत आलं होतं. बायकांनी गौर आणून आमच्यापुढे धरली. डॉक्टर दारातच रडत होत्या आणि हातातल्या चपलेने डोळे पुसणार होत्या, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं.

या गोष्टीला पंचवीस वर्षं होऊन गेली. सोमवारची गोळी अजून चालू आहे. मे महिन्यात दोन विळ्या अजून एकाच अंगणात मांडल्या जातात, आणि आता गावातल्या सात घरांत बिनमिठाचा एक डबा वेगळा होतो. सूज अधूनमधून डोकं वर काढते, मग तिची समजूत घालावी लागते. पण मला त्या दुपारचं जे आठवतं ते गौर डोक्यावर घेण्याआधीचं आहे.

गौर घ्यायची तर हात मोकळे पाहिजेत. सगळ्या थांबल्या होत्या. आणि आमचे हात अजून तसेच, कात्रीत अडकलेले.

"सोड गो आता," अनशी हळूच म्हणाली. "मुंग्यो आयल्यो माझ्या हाताक."

"रव जरा," मी म्हटलं. "इतक्यात मी सोडूचंय नाय."